खालच्या बाजूची रेघ

उद्धवरावांनी दहा नंबरचा पाना बॅटरीच्या काळ्या वायरीच्या नटावर बसवला, अर्धा वळसा फिरवला आणि मागे वळून पाहिलं. मागे तिसऱ्या मजल्यावरचा गणराज हातात फोन घेऊन उभा होता. शिकणारा माणूस बघतोय याची खात्री झाल्याशिवाय उद्धवराव पुढचा वळसा देत नसत.

"पहिलं काय?"

"निगेटिव्ह काढायची," गणराज म्हणाला.

"त्याच्या आधी."

गणराज हिंजवडीला संगणकासमोर बसणारा माणूस होता. उत्तर स्क्रीनवर असतं अशी त्याला सवय होती. त्यानं उघड्या बॉनेटकडे पाहिलं, तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

"इंजिन गार," उद्धवराव म्हणाले. "गरम इंजिनावर पाणी पडलं तर काय होतं? तडा जातो. लाव हात."

"गार आहे काका. कालपासून उभीच आहे ना?"

"गुरुवारपासून."

इंजिन गार व्हायला दोन-तीन तास पुरतात. उद्धवरावांनी त्याला तीन दिवस दिले होते. शुक्रवारी ते भाजी आणायला पीएमपीच्या बसनं गेले आणि शनिवारी लग्नाला रिक्षानं. रिक्षात बसताना त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या होत्या, की माणसाला ताप आला तर एवढी विश्रांती मिळत नाही. पण पद्धत म्हणजे पद्धत. चाकणच्या मोटार कंपनीत एकतीस वर्षं, त्यातली शेवटची सतरा शिफ्ट इन्चार्ज म्हणून, उद्धवरावांनी पद्धतीवरच काढली होती. निवृत्त होताना कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. लांब दांडीचा तपासणीचा छोटा आरसा मात्र कुणी दिला नव्हता. तो त्यांचे तेच घेऊन आले होते. एकतीस वर्षांनी एवढं चालतं.

नट सुटला. काळी वायर त्यांनी बाजूला वळवून ठेवली. मग खिशातून दुधाच्या धुतलेल्या पिशव्या काढल्या आणि ज्या भागांना पाणी चालत नाही त्यांवर एकेक चढवून रबरानं बांधली. अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा आत घेणारं तोंड. आईनं मुलाला कानटोपी घालावी तसं ते काम चाललं होतं.

"पाइप लावून फवारा मारायचा नाही," ते म्हणाले. "कोरडा ब्रश, मग साबणाचं पाणी, मग ओलं फडकं, मग सुकं फडकं. पेट्रोल नाही, रॉकेल नाही, थिनर तर नाहीच. लोक थिनर वापरतात. एक ठिणगी पडली की गाडी गेली, आणि रबर आधीच गेलेलं असतं. लिहून घे."

"आणि वॉशिंग सेंटरला?"

"तिथं प्रेशरचं पाणी मारतात. सेन्सर बाद."

"भिमाजी नाही मारत काका. तो पण पिशव्याच बांधतो." गणराज हसला. "तो पण आधी विचारतो, पहिलं काय? सेम तुमच्यासारखं. मी म्हटलं पण त्याला, तुम्ही दोघं एकाच शाळेतले का?"

उद्धवरावांनी ब्रश उचलला आणि त्याचे केस नीट आहेत का ते बघितलं. केस नीट होते. तरी त्यांनी ते बराच वेळ बघितले.

मोशीतल्या त्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट होते आणि साठेक गाड्या. एक सोडून बाकी सगळ्या देहू-आळंदी रस्त्यावरच्या भिमाजीच्या वॉशिंग सेंटरला जात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये भिमाजी होता, प्लंबर होता, पाण्याचा टँकरवाला होता. रविवारी सकाळी लोक ग्रुपवरच गाडीचा नंबर टाकत आणि भिमाजी नुसता अंगठा पाठवत. अंगठा आला म्हणजे वेळ ठरली. उद्धवरावांची गाडी त्यात कधीच नसे. लोकांना वाटे, जुना माणूस आहे, हातानं काम करायची हौस आहे. उद्धवराव लोकांना तसं वाटू देत.

दोघं खरोखरच एका शाळेतले होते. म्हणजे एक मास्तर होता आणि एक विद्यार्थी.

भिमाजी महाळुंग्याचा. वडिलांची जमीन कारखान्यांत गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. ज्या शेडमध्ये तो इंजिनाचे बोल्ट आवळत असे तिच्याखाली पूर्वी त्यांचा हरभरा होता, असं तो डबा खाताना सांगायचा. त्यात तक्रार नसायची. चटणी जास्त झाली हे सांगावं तसं सांगायचा. त्याला आवळणं शिकवलं ते उद्धवरावांनी. आणि आवळून झालं की मार्करनं रेघ ओढायची हेही त्यांनीच. बोल्टच्या डोक्यावरून सुरू करून खालच्या लोखंडापर्यंत एक सलग रेघ. पुढे कधी बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि समजतं. त्यांच्या म्हणजे दुसऱ्या शिफ्टचा रंग पिवळा. रेघ सगळ्यांची सारखीच असायला हवी, पण सह्या जशा सारख्या होत नाहीत तशा रेघाही होत नाहीत. भिमाजीच्या रेघेच्या शेवटी एक बारीक हुकासारखा आकडा यायचा, हात उचलताना वळल्यासारखा.

चौदा वर्षांपूर्वी त्या शिफ्टच्या एका गाडीचा बोल्ट चाचणीच्या रस्त्यावर ढिला निघाला. आवळायचं यंत्र आठवडाभर नीट दाब देत नव्हतं. भिमाजीनं ते उद्धवरावांना दोनदा सांगितलं होतं, आणि उद्धवरावांनी दोनदा सांगितलं होतं, चालवून घे, रविवारी बघू. रविवार यायच्या आधी वरचे साहेब आले. यंत्राचं कुणी विचारलंच नाही. त्या शिफ्टच्या उरलेल्या सात गाड्या ओळीनं उभ्या केल्या, बॉनेटं उघडली, आणि उद्धवरावांना विचारलं, रेघ आहे का?

उद्धवरावांनी वरून पाहिलं. वरून रेघ दिसत नव्हती. आरसा खिशात होता. दांडीसकट. पण साहेब घाईत होते आणि वाकायला जागा नव्हती. त्यांनी कागदावर लिहिलं, 'मी स्वतः पाहिले. खूण नव्हती.' भिमाजी सांगत राहिला, वरची बाजू तेलकट व्हती, मार्कर धरत नव्हता, मी खालून रेघ मारलीया. खालून कोण बघतो? कामचुकारपणाचा शेरा मारून भिमाजीला काढलं. सात गाड्या सवलतीत स्टाफला दिल्या. एक उद्धवरावांनी घेतली, कारण रंग चांगला होता.

त्यात काही वाईट केलं असं उद्धवरावांना वाटत नव्हतं. पाहिलं होतं, नव्हती. माणसाला जे दिसतं तेच तो लिहिणार. चौदा वर्षं ही समजूत त्यांनी गाडीइतकीच नीट ठेवली होती. वरून पुसून.

मधल्या काळात भिमाजीच्या दाव्यावर कामगार कोर्टानं ठरवलं, की कंपनीची ती चौकशीच सदोष होती. साक्षी पुन्हा पहिल्यापासून. येत्या मंगळवारी उद्धवरावांची होती. कंपनीच्या वकिलांचा गुरुवारी फोन आला होता. फार नम्र माणूस. "काही नाही काका, तेच एक वाक्य. मी स्वतः पाहिले, खूण नव्हती. शपथेवर. गाडी पाठवू का न्यायला?"

"माझी आहे," उद्धवराव म्हणाले होते, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं, की रविवारी इंजिन साफ करायचं.

"काका, इथं काहीतरी आहे," गणराज म्हणाला.

बॅटरीच्या मागे उंदराचं घरटं होतं. त्यात सोसायटीच्या नोटिशीचा तुकडा होता, सुतळी होती, आणि उंदीर येऊ नयेत म्हणून उद्धवरावांनीच ठेवलेली तंबाखूची पुडी होती. पुडी उंदरांनी उशासारखी वापरली होती.

"सवय झाली त्यांना," उद्धवराव म्हणाले आणि घरटं चिमट्यानं काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मग कोरडा ब्रश घेऊन ते इंजिनाच्या उजव्या बाजूला, एरवी हात जात नाही अशा फटीत, पोचेल तितकं झाडू लागले. चौदा वर्षांची चाकणची धूळ आणि तेल मिळून तिथं काळी साय धरली होती. ती खरवडून खाली पडत होती.

"आता फोटो," ते म्हणाले. "दर टप्प्याला फोटो काढायचा. कुठली वायर कुठं होती हे नंतर आठवत नाही. आठवतंय असं वाटतं, ते जास्त वाईट."

गणराजनं वरून दोन फोटो काढले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं फोन उलटा धरून त्या उजव्या फटीत पार खाली घातला आणि न बघताच चार-पाच वेळा बटण दाबलं. आजकालची पोरं जिथं डोकं जात नाही तिथं फोन घालतात. तेवढ्यात वरून त्याच्या बायकोची, निशिगंधाची हाक आली, इडल्या झाल्यात म्हणून.

"दहा मिनिटांत आलो काका. पुढचं माझ्याशिवाय करू नका."

तो गेला. उद्धवरावांनी आरसा काढला, दांडी लांब केली, टॉर्च दातात धरला आणि फटीत आरसा घातला. तिथला तो बोल्ट स्वच्छ झाला का, एवढंच बघायचं होतं.

आरशात आधी त्यांची स्वतःची कानशिलं दिसली. मग लोखंडी आधार. मग बोल्टचं डोकं, खालच्या बाजूनं.

आणि रेघ.

पिवळी होती. चौदा वर्षांनी जितकी पिवळी राहावी त्यापेक्षा जास्तच. बोल्टवरून निघून आधारापर्यंत एकसंध गेली होती, कुठं तुटलेली नव्हती. म्हणजे त्या दिवसापासून तो बोल्ट केसभरही फिरला नव्हता. आवळलेला होता, आणि नीट आवळलेला होता. रेघेच्या शेवटी बारीक आकडा होता. हात उचलताना वळल्यासारखा.

उद्धवरावांच्या दातांतला टॉर्च निसटला आणि इंजिनात कुठंतरी खाली जाऊन अडकला. तो तिथूनच पेटत राहिला. आता तर वाकलं की आरशाशिवायसुद्धा दिसत होतं.

ते सरळ झाले. कंबर धरली. सोसायटीच्या आवारात रविवार नेहमीसारखा चालला होता. कुणीतरी गादी झटकत होतं. उद्धवरावांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली, आणि तोच रुमाल साबणाच्या पाण्यात बुडवून फटीत हात घातला. रेघ गेली नाही. जाणारच नव्हती. तो मार्कर निवडणाऱ्या कमिटीवर ते स्वतः होते. तेल, डिझेल, पाणी, साबण, कशानंच जायचा नाही म्हणून तर निवडला होता. कशानं जातो तेही त्यांना माहीत होतं.

"सुमन," त्यांनी वर पाहून हाक मारली.

सुमनताई पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आल्या. गाडी गॅलरीच्या बरोबर खालीच उभी असे. कोथिंबिरीपासून किल्ल्यांपर्यंत सगळं दोरीला बांधलेल्या पिशवीतून खालीवर होत असे.

"ग्रिलला रंग दिला तेव्हाची थिनरची बाटली आहे ना, ती दे खाली."

"थिनर?" सुमनताई म्हणाल्या. "इंजिनाला थिनर लावत नाहीत."

"माहितीय."

"आत्ता तर त्या पोराला सांगत होतात. मी ऐकलं वरून."

"एक डाग आहे. जात नाही."

सुमनताईंनी काही क्षण खाली पाहिलं. मग आत गेल्या आणि पिशवी खाली आली. बाटली उभी राहावी म्हणून त्यांनी ती फडक्यात गुंडाळली होती. नवऱ्याचं पटलं नाही तरी त्या कामात कसूर करत नसत.

फडक्याच्या टोकाला थिनर लावून उद्धवराव घासू लागले. आधी वरचा भाग गेला, मग मधला. आकडा चिवट होता. त्याच्यासाठी जुना टूथब्रश घ्यावा लागला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. चौदा वर्षं उद्धवराव चुकलेले होते. पंधरा मिनिटांत ते खोटे झाले. फरक त्यांना कळला नाही असं नाही, पण हात थांबला नाही. तो कामाला लागलेला हात होता, आणि अर्धं काम टाकायची त्याला सवय नव्हती.

"साहेब, हातमोजं घालायचं. कातडी जळती थिनरनं."

भिमाजी स्कूटर स्टँडला लावत होता. केस पांढरे झाले होते, अंग मात्र तसंच, काटक. पायात गमबूट होते, सेंटरवरूनच आलेला दिसत होता. उद्धवरावांनी फडकं मुठीत दाबलं.

"तू इकडं कसा?"

"तुमच्याकडंच आलो." तो गाडीपासून दोन हात लांब उभा राहिला. कंपनीत साहेबांच्या टेबलापासून उभं राहायचा तेवढाच. "मंगळवारी हाय ना आपलं."

"तारखेबद्दल बोलायचं नसतं आधी. वकिलानं सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं. त्यो तर म्हनला जाऊच नको. सरळ कोर्टात अर्ज टाकू, गाडी तपासायचा. मी म्हनलं, न्हाई, आदी इचारून येतो. घरची मानसं हायत. अर्ज कशाला लागतोय."

"कुठली गाडी?"

"हीच की." भिमाजीनं बॉनेटकडे मान केली. "सात गाड्या व्हत्या साहेब. सहा माझ्याकडं धुवायला येत्यात. एकेक करत आल्या. पयली आली तवा मी इंजिन धुता धुता खालून बघितलं, आन् तिथंच बसलो पाच मिन्टं. गिऱ्हाईक म्हनलं, काय झालं रं? मी म्हनलं, काय न्हाई, चक्कर आली. सहाच्या सहा गाड्यांत माझी रेघ हाय. फोटो काढलं, कोर्टात दिलं. तर कंपनीचा वकील काय म्हनतो ठावं हाय का? म्हनतो, गाड्या तुझ्याच सेंटरला येत्यात, रेघा तूच मारल्या असशील मागनं."

तो हसला. हसण्यासारखंच होतं ते.

"मग माझा वकील म्हनला, सातवी कुठाय? मी म्हनलं, सातवीला चौदा वर्सात माझा हात लागला न्हाई. सायबांचा हाय तिच्यावर. त्यो म्हनला, मग तीच खरी." भिमाजीनं गमबुटाच्या टोकानं जमिनीवरचा खडा सरकवला. "मला परत कामावर नगं साहेब आता. वय बी झालं. फकस्त त्यो शेरा निगावा. कामचुकार. बाप गेला तवा शेवटपर्यंत म्हनत व्हता, जमीन दिली आन् पोरानं काम केलं न्हाई. त्याला बी पटलं व्हतं बगा. कागदावरच व्हतं ना."

उद्धवरावांनी खाली पाहिलं. अडकलेला टॉर्च अजून पेटलेला होता. अजूनही सांगता आलं असतं. आत्ता, या क्षणी, 'भिमाजी, होती रे' एवढं. त्याला चार शब्दसुद्धा लागत नव्हते. पण ते म्हटलं की लगेच विचारलं जाणार होतं, होती म्हणजे? आता कुठाय?

"बघ ना," ते म्हणाले. आवाज मोकळा निघाला, त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "बघ की. अर्ज कशाला? माझी काही हरकत नाही. पंचासमक्ष बघ. गणराज, ये रे इकडे."

गणराज इडली खाऊन, हात पुसत येत होता.

"भिमाजीभाऊ, तुम्ही?" तो खूश झाला. "वा. आज दोन्ही मास्तर एकत्र."

"भिमाजीला इंजिन बघायचंय आपलं," उद्धवराव म्हणाले. "तू पण उभा राहा."

त्यांनी आरसा पुढे केला. भिमाजीनं तो घेतला नाही. तो बंपरशी गुडघे टेकून बसला, मान तिरकी केली आणि थेट खालून बघितलं. त्याला कुठं बघायचं ते माहीत होतं. सहा गाड्यांत सरावला होता.

गादी झटकणं संपलं. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"आहे का काही?" उद्धवरावांनी विचारलं.

बोलला तो गणराज. त्यानं भिमाजीच्या डोक्यावरून वाकून फोन फटीत घातला, फोटो काढला आणि स्क्रीनकडे बघून शीळ घातली.

"काका, काय चमकवलाय हा बोल्ट! बाकी सगळं अजून काळं आहे आणि हा एकटाच शोरूममधून आणल्यासारखा. कशानं केलात? मी येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?"

थिनरचा वास तिघांच्या मधे उभा होता.

भिमाजी उठला. पॅन्टच्या गुडघ्याची माती झटकली. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावला असता तर उद्धवरावांना काहीतरी बोलता आलं असतं. शिफ्टमध्ये ते पुष्कळ रागावलेल्या माणसांशी बोलले होते.

"बाजूचा रबर पाण्यानं पुसून घ्या साहेब," तो म्हणाला. "थिनर राहिला तर फुगतो. आन् बाटली इंजिनापासनं लांब ठिवा. तुमीच शिकिवलंय."

"भिमाजी, मी..."

"मंगळवारी भेटू."

त्यानं स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली. गेटवर वॉचमननं त्याला सलाम केला, त्यानंही केला, आणि गेला.

"काय बघायचं होतं त्यांना?" गणराजनं विचारलं.

"काही नाही. जुनं काम."

"आणि पुढचा टप्पा? साबणाचं पाणी ना?"

"आज नको. ऊन चढलं."

नऊच वाजले होते आणि गाडी सावलीत होती. गणराज हिरमुसला, पण गेला. उद्धवरावांनी टूथब्रश पुन्हा थिनरमध्ये बुडवला. एकच बोल्ट चमकत असेल तर दिसतो. सगळे चमकले तर कोण बघणार? ते शेजारच्या बोल्टला लागले. मग त्याच्या शेजारच्या. हात नऊ-दहा बोल्टांपर्यंत गेला असेल, तेव्हा खिशातला फोन वाजला, मग पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला.

सोसायटीचा ग्रुप होता. गणराजनं टाकलं होतं, 'उद्धवकाकांकडून शिका: घरच्या घरी सुरक्षित इंजिन सफाई. आधी आणि नंतर.' खाली फोटो होते. पिशव्या बांधलेलं इंजिन. उंदराचं घरटं, त्यावर हसरे चेहरे. मग दोन फोटो शेजारीशेजारी, त्याच फटीतले, त्याच बोल्टचे. दुसऱ्यात बोल्ट नव्या नाण्यासारखा. पहिला तिरका आला होता, न बघता काढलेला, पण हल्लीच्या फोनना न बघितलेलंही स्वच्छ दिसतं. उद्धवरावांनी दोन बोटांनी तो मोठा केला. पिवळी, एकसंध. आकड्यासकट. कोपऱ्यात गणराजच्या फोननं आपण होऊन वेळ छापली होती, आठ वाजून बारा मिनिटं. तेव्हा भिमाजीची स्कूटर अजून त्याच्या सेंटरवर होती.

खाली टाळ्या होत्या, फुलं होती. चेअरमननी 'सोसायटीचा अभिमान' असं लिहिलं होतं. कुणीतरी विचारलं होतं, काका माझी पण कराल का?

सगळ्यात शेवटी भिमाजीचा मेसेज होता. मजकूर काहीच नव्हता. नेहमीसारखा नुसता अंगठा.

"अहो," वरून आवाज आला. सुमनताई गॅलरीत उभ्या होत्या, चष्मा नाकावर, फोन हातात. "या आधीच्या फोटोत पिवळं काय आहे?"

उद्धवरावांनी स्वतःचा फोन खिशात टाकला.

"नंतरच्यात नाहीये ते."

त्यांनी फोन खाली केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी त्या चौकशीच्या दिवशी ते घरी आले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, वाकून बघितलंत ना? आणि ते हो म्हणाले होते.

"बाटली पिशवीत ठेवा," सुमनताई म्हणाल्या. "खाली नको. पेट घेते."

उद्धवरावांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, रेघ पुसलेल्या त्याच फडक्यात ती गुंडाळली आणि पिशवीत उभी ठेवली. दोरी ताणली गेली. पिशवी भिंतीला घासत हळूहळू वर जाऊ लागली. मान मागे टाकून ते तिच्याकडे बघत राहिले. पिशवीच्या बुडाशी थिनरचा ओला डाग पडला होता आणि त्यातून पिवळसर काहीतरी झिरपलं होतं. वरून सुमनताईंना ते दिसत नसावं.

खालून स्पष्ट दिसत होतं.